अ‍ॅटलस ऑफ इकॉनॉमिक कॉम्प्लेक्सिटी: बघायला एक नंबर, ठरवायला जरा जपून

गरीब देश कारखान्यांच्या जोरावर वर येतात का, ह्या विषयावर कुणाशी वाद घालायचा असेल तर त्याआधी ही एक फुकटातली साइट उघडून बसा. अर्धे मुद्दे तिथेच निकालात निघतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर मग नीट भांडता येतं. हार्वर्डच्या ग्रोथ लॅबने बनवलेलं, कुठला देश बाहेर काय विकतो ते दाखवणारं टूल आहे, त्यामागचं मोठं नाव रिकार्डो हाउसमान, हे गृहस्थ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेनेझुएलाचे नियोजनमंत्री होते, म्हणजे तेलावर बसलेला देश आतून कसा चालतो हे त्यांनी खुर्चीत बसून बघितलंय, आणि टूलमध्ये ते जाणवतं बरं का, कच्च्या मालावर जगणारे देश इथे अगदी उघडे पडतात.

रेटिंग आधीच देऊन टाकतो, उगाच खालपर्यंत स्क्रोल करायला लावत नाही. बघायला आणि शिकायला पाचपैकी साडेचार. 'आता पुढे कुठला उद्योग काढू' हे ठरवायला पाचपैकी अडीच. मी अर्थशास्त्रवाला नाही, उत्पादनाच्या बाजूचा माणूस आहे, टूलरूम, सेटिंग, रिजेक्शन, डिस्पॅच ही माझी भाषा, तेव्हा रिव्ह्यूही त्याच नजरेने लिहिलाय, फॉर्म्युले हवे असतील तर ते साइटवरच दिलेत.

उघडल्यावर चौकटींचा एक तक्ता दिसतो, ट्रीमॅप म्हणतात त्याला. एक देश घ्यायचा, एक वर्ष घ्यायचं, आणि त्या वर्षी त्या देशाने बाहेर काय काय विकलं ते सगळं एका मोठ्या आयतात भरलेलं दिसतं. प्रत्येक वस्तूला एक चौकट, निर्यात जास्त तर चौकट मोठी, रंग क्षेत्राप्रमाणे. कापड आणि कपडे हिरवे, शेतमाल पिवळा, यंत्रसामग्री निळी, असं. बांगलादेश टाका, जवळजवळ पूर्ण पडदा हिरवा होतो, शर्ट, पँट, स्वेटर, टीशर्ट, होजिअरीचे वेगळे, कापड शिवून केलेले वेगळे, आणि कोपऱ्यात चिमूटभर बाकीचं. झांबिया टाका, तांबं. नायजेरिया टाका, कच्चं तेल आणि गॅस, बाकी शोधावं लागतं. मग लगेच जर्मनी टाकून बघा, तिथे मोटारगाड्यांची चौकट सगळ्यात मोठी असली तरी बाकीच्या शेकडो चौकटी अशा खच्चून भरल्यात की वाचताना डोळे दुखतात, पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, औषधं, पॅकिंगची यंत्रं, मोजमापाची उपकरणं. हा एक फरक बघून जे कळतं ते जाडजूड अहवाल वाचून कळायला आठवडा जाईल.

आकडे येतात कुठून, तर कस्टम्समधून. जगभर माल सीमा ओलांडतो तेव्हा त्याला एचएस कोड, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, लागतो, जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून लागू आहे, सहा आकडी कोड सगळीकडे सारखा, म्हणून एका देशाचा स्क्रू आणि दुसऱ्या देशाचा स्क्रू एकाच खान्यात पडतो. ज्याने कधी एक्स्पोर्टची कागदपत्रं केलीत त्याला हा कोड पाठ असतो. टूलमध्ये एचएसप्रमाणे १९९५ पासूनचा डेटा आहे, आणि जुन्या वर्गीकरणाने थेट १९६२ पासूनचा. कच्चा डेटा संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड ह्या व्यापार-नोंदींचा, पण जसाच्या तसा वापरलेला नाही. कारण विकणारा देश सांगतो एक आणि घेणारा सांगतो दुसरंच, तर दोन्हीकडचे आकडे ताडून, कोण किती भरवशाचं ते बघून मधला आकडा काढलेला असतो. हे काम किचकट आणि कंटाळवाणं, कुणाला दिसत नाही, पण साइटची खरी मेहनत तिथेच आहे असं माझं मत.

१९६२ पासूनचा डेटा म्हणजे खजिना आहे. दक्षिण कोरिया लावा आणि वर्षं पुढे सरकवत जा. सुरुवातीला खनिजं, टंगस्टन, मासे, कच्चं रेशीम, असलं सगळं. १९७० च्या आसपास बघाल तर कपडे, प्लायवूड आणि चक्क विग, हो विगच, केसांचे टोप हे त्या काळात कोरियाच्या पहिल्या तीन निर्यातींपैकी एक होते. मग पोलाद येतं, जहाजं येतात, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग गाड्या, मग चिप. ज्यांना वाटतं की कोरिया पहिल्यापासूनच हुशार आणि हाय-टेक होता त्यांना ते टोपांचं वर्ष मुद्दाम दाखवा. एका पिढीत, म्हणजे ज्या बाईने तरुणपणी टोपात केस ओवले तिच्या मुलाने कार कंपनीत नोकरी केली, इतक्या कमी वेळात हे झालंय, आणि शेती किंवा खनिजं विकून इतक्या वेगाने इतकी माणसं वर आल्याचं उदाहरण मला तरी ह्या टूलमध्ये सापडलं नाही. आखाती तेलवाले देश श्रीमंत झाले हे खरं, पण तेलाला माणसं किती लागतात?

आता साइटच्या नावातलं ते 'कॉम्प्लेक्सिटी'. कल्पना सोपी आहे. देश किती वेगवेगळ्या वस्तू टिकाऊपणे निर्यात करतो हे एक, आणि त्या वस्तू जगात आणखी किती देशांना जमतात हे दुसरं. खूप गोष्टी बनवता आणि त्या फार कुणाला जमत नाहीत, तर तुमचा इंडेक्स वर. जपान वर्षानुवर्षं वरच्या टोकाला आहे ते ह्यामुळेच. ह्यामागचा दावा असा की देशाचं आजचं उत्पन्न आणि हा इंडेक्स ह्यांत फरक असेल तर पुढे वाढ त्या दिशेने ओढली जाते, म्हणजे जितकं बनवता येतं त्या मानाने कमावतोय कमी, असा देश पुढे वेगाने वाढण्याची शक्यता जास्त. इथे एक चिमटा काढायलाच हवा, ऑस्ट्रेलिया ह्या यादीत फार खाली आहे, लोहखनिज आणि कोळसा विकून, आणि तरी तिथले लोक मजेत आहेत. म्हणजे इंडेक्स खाली म्हणजे गरिबी असं सरसकट नाही. पण थोडी लोकसंख्या, अफाट जमीन आणि जमिनीखाली वाट्टेल तितकं खनिज हे नशीब किती विकसनशील देशांना मिळणार, तेव्हा अपवाद म्हणून सोडून देऊ.

साइटवरची माझी सगळ्यात आवडती आणि सगळ्यात जास्त गैरसमज करणारी गोष्ट म्हणजे प्रॉडक्ट स्पेस. २००७ साली सेसार हिदाल्गो, बेली क्लिंगर, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि हाउसमान ह्यांनी मिळून ही मांडली. शेकडो ठिपके, प्रत्येक ठिपका एक वस्तू, आणि ज्या दोन वस्तू बहुतेक करून एकच देश निर्यात करतो त्या एकमेकींजवळ. त्यांनी स्वतः दिलेली उपमा अशी की वस्तू म्हणजे झाडं, कंपन्या म्हणजे माकडं, आणि विकास म्हणजे माकडांनी फळं कमी असलेल्या झाडांवरून जास्त फळांच्या झाडांवर जाणं. जंगल दाट असेल तर उडी सोपी, विरळ असेल तर माकड बसून राहतं. यंत्रं, रसायनं, वाहनं मध्यभागी दाटीवाटीने आहेत, कपड्यांचा एक वेगळा घोळका आहे, आणि तेल, खनिजं, काही शेतमाल पार कडेला, एकटे. झांबियाचा नकाशा लावला की रंगलेले ठिपके कडेकडेला विखुरलेले दिसतात, तिथून पुढे उडी कुठे मारायची हे दिसतच नाही, आणि मग 'कारखानेच का, शेतीवर भर का नको' ह्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपोआप मिळतं, कारण कारखानदारीत एक काम शिकलं की त्यातलं बरंचसं दुसऱ्या कामाला चालतं. लेथवर हात बसलेला माणूस पंपाच्या कारखान्यातही चालतो आणि गिअरच्याही. तांब्याच्या खाणीतलं ज्ञान तांब्यापाशीच राहतं.

आणखी एक समजूत ह्या नकाशाने मोडते ती म्हणजे 'आपल्याकडे कच्चा माल आहे, मग त्याचा पक्का माल आपणच करायचा'. ऐकायला रास्त वाटतं, पण कच्चा माल आणि त्याचा पक्का माल हे ठिपके बरेचदा एकमेकांच्या जवळ नसतात, कारण दोन्हींना लागणारी कौशल्यं वेगळी. घानाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. देशात बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज), १९६५ साली अकोसोंबोचं धरण झालं, स्वस्त वीज मिळाली, त्या विजेवर टेमाला अ‍ॅल्युमिनियमचा स्मेल्टर (धातू गाळायचा कारखाना) १९६७ मध्ये सुरू झाला, आणि त्याला लागणारं, बॉक्साइटपासूनच काढलं जाणारं अ‍ॅल्युमिना आलं बाहेरून! धरण घानाचं, वीज घानाची, बॉक्साइट घानाच्या जमिनीत, आणि स्मेल्टरचा कच्चा माल जहाजातून. कारखाना उभा राहिला पण त्याच्या आजूबाजूला दुसरे कारखाने उगवायला हवे होते ते उगवले नाहीत.

इथपर्यंत साडेचार स्टार. आता बाकीचं.

टूल सांगतं की ह्या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर जाता येईल. कसं जातात हे सांगत नाही, आणि माझ्यासारख्याला नेमकं तेच हवं असतं. बांगलादेशाच्या त्या हिरव्या पडद्याचीच गोष्ट घ्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने कोरियाच्या देवूशी करार केला. देवूला काय पडली होती? तर १९७४ पासून मल्टि-फायबर अरेंजमेंट लागू होती, श्रीमंत देशांनी कुणाकडून किती कपडे घ्यायचे त्याचा कोटा ठरवलेला, कोरियाचा कोटा भरत आलेला, बांगलादेशाला कोट्याचं बंधन नव्हतं. मग देश गारमेंट्सचे जवळपास १३० लोक कोरियात ट्रेनिंगला गेले, सहा महिने. मशीनवर शिलाई शिकायला सहा महिने लागत नाहीत. ते शिकले लाइन कशी लावायची, कटिंगमध्ये कापड किती वाया जातं ते कसं मोजायचं, कुठल्या ऑपरेटरपाशी माल तुंबतो ते कसं ओळखायचं, परदेशी खरेदीदाराशी कसं बोलायचं, क्वालिटी चेकिंग, एल्सीचे (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटचे) कागद. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी देश गारमेंट्स सोडली आणि स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांच्या नव्या कारखान्यांत गेले. त्या कंपनीचं नुकसान झालं म्हणा हवं तर, पण देशाचा पूर्ण उद्योग त्यातून उभा राहिला.

जोडीला सरकारने दोन गोष्टी केल्या, बाँडेड वेअरहाउसची सोय दिली, म्हणजे एक्स्पोर्टसाठी आणलेल्या कापडावर आधी ड्यूटी भरायची आणि मग परतावा मागत फिरायचं ही कटकट गेली, आणि बॅक-टू-बॅक एल्सी चालू केली, म्हणजे खरेदीदाराच्या ऑर्डरच्या एल्सीवरच कापड आणायची दुसरी एल्सी उघडता येते, खिशात भांडवल नसलं तरी चालतं. ज्याने खेळत्या भांडवलासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवल्यात त्यालाच कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. हे सगळं ट्रीमॅपमध्ये म्हणजे फक्त एक हिरवी चौकट, वर्षागणिक मोठी होत जाणारी. चौकटीच्या आत माणसं आहेत, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत ज्ञान घेऊन जाणारी, आणि टूलची सगळी थिअरी खरं तर ह्याच माणसांबद्दल आहे पण ती पडद्यावर कुठेच दिसत नाहीत.

आणि २०१३ चा बांगलादेश लावून बघा. एप्रिलमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसत असताना कामगारांना कामावर बोलावलं होतं. त्या वर्षीच्या ट्रीमॅपमध्ये त्याचा ओरखडासुद्धा नाही, उलट कपड्यांची निर्यात वाढलेली. टूलला दोष देत नाही, त्याचं ते काम नाही, पण नुसते आकडे बघून 'वा, काय प्रगती' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यानंतर खरेदीदार ब्रँड आणि कामगार संघटनांचा फायर अँड बिल्डिंग सेफ्टीचा करार झाला, कारखान्यांची तपासणी झाली, तर अशा गोष्टीही वाढीचाच भाग असतात, नुसती निर्यात नव्हे.

दुसरी तक्रार पैशाची. टूल मोजतं निर्यातीची पूर्ण किंमत, त्यातली देशात किती राहिली ते नाही. ह्यावरचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आयफोनचं आहे, २००९ च्या मॉडेलचा एकूण उत्पादन खर्च १७९ डॉलरच्या आसपास काढला गेला होता आणि त्यात चीनमधल्या जुळणीचा वाटा होता साधारण साडेसहा डॉलर. बाकी जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका इथून आलेले पार्ट. पण फोन चीनमधून निघाला की कस्टम्सच्या कागदावर अख्खा फोन चीनचा. चीनचं पुढे भलंच झालं, हळूहळू पार्टसुद्धा तिथेच बनायला लागले, पण सगळ्यांचं तसं होत नाही. मेक्सिको बघा, १९६५ पासून सीमेलगत माकिलादोरा, म्हणजे पार्ट आणा, जोडा, परत पाठवा, १९९४ पासून नाफ्टा हा अमेरिका-कॅनडाशी मुक्त व्यापार करार (२०२० मध्ये त्याच्या जागी नवा आला), ट्रीमॅपमध्ये गाड्या, टीव्ही, कॉम्प्युटर, वायरिंगचे हार्नेस, इंडेक्सही बऱ्यापैकी वर. आणि दरडोई उत्पन्नाची वाढ? इतक्या वर्षांत रडतखडत. टूलवर विश्वास ठेवला तर मेक्सिको कधीच सुसाट सुटायला हवा होता. कारण साधं आहे, डिझाइन तिकडचं, डाय (पार्ट काढायचे साचे) तिकडच्या, पार्ट तिकडचे, आणि इकडे फक्त जोडणी. जो माणूस डाय बनवतो आणि जो माणूस त्या डायवर पार्ट काढतो ह्यांच्या कौशल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एक्स्पोर्टच्या कागदावर दोघंही एकाच कोडखाली.

म्हणून माझा सल्ला, ह्या साइटच्या बाजूच्या टॅबमध्ये ओईसीडीचा टीवा डेटा उघडा, ट्रेड इन व्हॅल्यू अ‍ॅडेड, त्यात निर्यातीतला देशी हिस्सा किती आणि बाहेरचा किती ते कळतं. दिसायला रुक्ष आहे, देश कमी आहेत, ताजेपणाही कमी, पण त्याशिवाय अ‍ॅटलस वाचणं म्हणजे नुसता टर्नओव्हर बघून कंपनी नफ्यात आहे म्हणणं झालं.

तिसरं म्हणजे व्हिएतनाम. प्रॉडक्ट स्पेसप्रमाणे कपडे-बूट करणाऱ्या देशाला मोबाइल फोन म्हणजे लांबची उडी. व्हिएतनामने ती मारली, आणि ट्रीमॅपमध्ये काही वर्षांत हिरव्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सचा निळसर रंग असा पसरत जातो की बघत राहावं. १९८६ ची दोइ मोइ, म्हणजे अर्थव्यवस्था खुली करण्याची सुधारणा, २००१ चा अमेरिकेशी व्यापार करार, २००७ मध्ये डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना), आणि २००९ मध्ये बाक निन्हला सॅमसंगचा फोनचा कारखाना सुरू. म्हणजे स्थानिक माकडाने उडी मारलीच नाही, बाहेरचं मोठं माकड येऊन झाडावर बसलं. निर्यातीतला परदेशी कंपन्यांचा वाटा तिथे ७० टक्क्यांच्या घरात आहे. हे वाईट आहे असं नाही, नोकऱ्या मिळाल्या, शिस्त आली, बंदरं सुधारली. पण उद्या ते माकड उठून गेलं तर? कोस्टा रिकाने ते बघितलंय, १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटेलचा प्लांट आला, छोट्याशा देशाच्या निर्यातीत चिपची चौकट अवाढव्य झाली, आणि २०१४ मध्ये कंपनीने जुळणी-टेस्टिंग आशियात हलवायचं जाहीर केलं. टूलमध्ये ती चौकट विरताना दिसते. पण तिथे आधीपासून वैद्यकीय उपकरणांचा उद्योग वाढत होता, तोच पुढे सगळ्यात मोठा झाला, म्हणजे इंजिनिअर, क्लीन रूममध्ये काम करायची सवय असलेले टेक्निशियन, पुरवठादार, हे सगळं मागे उरतं तेव्हा कंपनी गेल्याने देश बसत नाही.

ह्याच मुद्द्यावर 'जवळचीच उडी मारा' ह्या सल्ल्याबद्दल मला शंका आहे. साइटवर एक तक्ता आहे त्यात कुठली वस्तू तुमच्या सध्याच्या कौशल्याच्या किती जवळ आणि तिच्यामुळे पुढे किती दारं उघडतील असं दाखवतात. चांगला आहे, पण कोरियाने पोलाद काढलं तेव्हा असा तक्ता असता तर तो नक्की 'लांब आहे, नको' म्हणाला असता. म्हणणारे होतेच, १९६९ मध्ये वर्ल्ड बँकेने पोहांगचा हा पोलाद प्रकल्प परवडणारा नाही असंच मत दिलं होतं. कोरियाने जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तो केला, १९७३ ला भट्टी पेटली आणि पुढे तो चालवणारी पॉस्को जगातल्या बड्या पोलाद कंपन्यांत गणली गेली. लगेच टाळ्या वाजवू नका, कारण दुसऱ्या बाजूला नायजेरियाचं आजाओकुटा आहे, १९८० च्या सुमारास बांधकाम सुरू झालेला भला मोठा पोलाद प्रकल्प, अब्जावधी डॉलर गेले आणि झोतभट्टीतून लोखंड काही निघालेलं नाही. दोन्ही सरकारी, दोन्ही लांबच्या उड्या. फरक मला दिसतो तो हिशेब मागण्यात. कोरियात स्वस्त कर्ज मिळायचं पण एक्स्पोर्टचं टार्गेट डोक्यावर, दर महिन्याला राष्ट्राध्यक्ष स्वतः निर्यातीची बैठक घ्यायचे, परदेशी ग्राहकाने माल नाकारला तर बहाणा चालत नव्हता. परदेशी ग्राहक हा सगळ्यात निर्दय इन्स्पेक्टर असतो, त्याला तुमच्या देशप्रेमाशी काही घेणं नसतं. बंद बाजारात संरक्षण देऊन उद्योग पोसणाऱ्या बऱ्याच देशांत नेमका हाच इन्स्पेक्टर नव्हता. तर टूल अंतर दाखवतं, शिस्त दाखवू शकत नाही.

नोकऱ्यांचं काय, हाही प्रश्न इथे सुटणार नाही, कारण टूलमध्ये निर्यात आहे, कामगार नाहीत आणि देशातल्या देशात विकला जाणारा मालही नाही. मोठी घरगुती बाजारपेठ असलेल्या देशांचं चित्र त्यामुळे अपुरं येतं. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक ह्यांनी दोन गोष्टी दाखवल्यात त्या सोबत ठेवाव्यात. एक, संघटित कारखानदारीत मागे असलेल्या देशांची उत्पादकता पुढच्यांना गाठायला लागते, देशाचा बाकीचा कारभार यथातथा असला तरी. दुसरी जरा घाबरवणारी, आताचे विकसनशील देश श्रीमंत व्हायच्या आधीच कारखान्यांचा रोजगारातला वाटा घसरायला लागलाय, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेत विशेष. म्हणजे शिडी चांगली आहे पण पायऱ्या कमी झाल्यात. ऑटोमेशन आहे, चीनशी स्पर्धा आहे, आणि मग इथिओपियासारखी गत, २०१६ मध्ये हावासाला झकपक इंडस्ट्रियल पार्क उघडलं, कपडे शिवून अमेरिकेला ड्यूटी-फ्री पाठवायचे, आणि देशातल्याच टिग्राय भागातल्या युद्धामुळे जानेवारी २०२२ पासून ती सवलतच गेली. कौशल्य होतं तिथेच होतं, ठिपक्यांचं अंतर तेवढंच, दार बंद झालं.

सेवा क्षेत्र आहे टूलमध्ये, पण ढोबळ गटांत, पर्यटन, वाहतूक, आयटी वगैरे, वस्तूंसारखं बारीक नाही. त्यामुळे 'कारखाने सोडा, सॉफ्टवेअरनेच देश वर येईल' म्हणणाऱ्यांना इथे धड दुजोराही मिळणार नाही आणि उत्तरही.

वापरायचंच असेल तर मोठ्या स्क्रीनवर वापरा, प्रॉडक्ट स्पेस मोबाइलवर बघण्यात अर्थ नाही. आधी देशाचं प्रोफाइल पान वाचा, गोष्टीसारखं खाली खाली जातं, नवख्याला तेच बरं. डेटा एक-दोन वर्षं मागे असतो, तेव्हा मागच्या महिन्यातल्या टॅरिफचा परिणाम शोधत बसू नका. आकडे डाउनलोड करता येतात, एक्सेलमध्ये टाकून स्वतःचे तक्ते करता येतात. साधारण हेच काम करणारी दुसरी साइट म्हणजे ओईसी (ऑब्झर्व्हेटरी ऑफ इकॉनॉमिक कॉम्प्लेक्सिटी, वरची ओईसीडी वेगळी), हिदाल्गोंच्या एमआयटीतल्या कामातून निघालेली, तिथे देश-देश व्यापार बघायला मला जास्त सोपं जातं, पण काही सोयींना पैसे पडतात. मुलांना शिकवत असाल तर भाषणाच्या आधी कोरिया १९६२ आणि कोरिया आजचा अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी लावा, आणि तिसऱ्या खिडकीत मेक्सिको ठेवायला विसरू नका.